ऑप्टोमेट्रीचे कॉलेज निवडताना: फी, नाव आणि ओपीडीतली खुर्ची

बारावीचा निकाल लागला की चष्म्याचा नंबर तपासायला येणाऱ्या पालकांपैकी एखाद-दुसरे तरी तपासणी संपल्यावर खुर्चीतून उठत नाहीत. "मुलीला ऑप्टोमेट्रीला घालायचं म्हणतोय," असे म्हणून ते डोळे तपासून नंबर काढण्याचे हे शास्त्र शिकवणाऱ्या दोन कॉलेजांची माहितीपत्रके पुढे करतात. एकाचे नाव मोठे असते आणि फी छातीत धडकी भरवणारी असते. दुसरे घरापासून तासाभराच्या अंतरावर असते, परवडण्याजोगे असते, पण त्याचे नाव नातेवाइकांत कोणी ऐकलेले नसते. बाहेर पेशंट ताटकळलेले असताना या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून एरवी तुटक सांगतो ते येथे सलग लिहीत आहे.

फी आणि नाव यांची तुलना करण्यापूर्वी एक चाळणी लावावी लागते, ती पदवीच्या वैधतेची. बी.ऑप्टोम. ही पदवी आजवर साधारणपणे चार वर्षांची राहिली आहे. त्यातली तीन वर्षे अभ्यासाची आणि चौथे इंटर्नशिपचे. ऑप्टोमेट्रीसह अनेक आरोग्यव्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि या व्यवसायांची नोंदणी, अभ्यासक्रम व किमान दर्जा त्या आयोगाच्या आणि राज्य परिषदांच्या कक्षेत आला. त्यामुळे प्रवेश कार्यालयात पहिला प्रश्न फीचा विचारू नये. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, अभ्यासक्रम आयोगाच्या आराखड्याप्रमाणे आहे का, यंदाच्या तुकडीसाठी एकूण कालावधी किती आणि फी किती वर्षांची भरायची, हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. दोन वर्षांची पदविका ही वेगळी गोष्ट आहे. ती वाईट नाही, पण तिला पदवी समजून प्रवेश घेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. घरबसल्या, दूरशिक्षणाने ऑप्टोमेट्री शिकवू असे कोणी सांगत असेल तर तेथून उठून यावे. २०२१ च्या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून मनाई केली आहे. या चाळणीतून जे कॉलेज खाली पडेल त्याची फी निम्मी असली तरी ते महागच पडते.

आता नावाकडे वळू. आपल्या देशात ऑप्टोमेट्रीची जी कॉलेजे नावाजलेली आहेत त्यांचा इतिहास पाहिला तर त्यांचे नाव कोठून आले हे स्पष्ट दिसते. चेन्नईचे एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५ साली सुरू झाले ते शंकर नेत्रालयाच्या आधाराने. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे ऑप्टोमेट्रीचे कॉलेज पूर्वी बॉश अँड लॉम्ब या कंपनीच्या नावाने ओळखले जाई. पुढे त्याला ब्रायन होल्डन या ऑस्ट्रेलियन संशोधकाचे नाव दिले गेले. पाटी बदलली म्हणून तेथून बाहेर पडणाऱ्या मुलांची किंमत काही कमी झाली नाही, कारण मागे रुग्णालय तेच होते, रुग्ण तेच होते आणि शिकवणारेही बहुतांशी तेच होते. मुंबईच्या जुहूचे लोटस कॉलेज किंवा पनवेलच्या लक्ष्मी नेत्रसंस्थेचे कॉलेज यांच्याही मागे डोळ्यांचे रुग्णालय उभे आहे, आणि पुण्यात भारती विद्यापीठाच्या ऑप्टोमेट्री विभागाला वैद्यकीय महाविद्यालयाचा शेजार आहे. याउलट, अभियांत्रिकीमुळे किंवा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांमुळे गाजलेल्या एखाद्या विद्यापीठाने नुकताच ऑप्टोमेट्रीचा वर्ग उघडला असेल, तर ते गाजलेपण आपल्या उपयोगाचे नाही. पालकांची येथेच सर्वांत मोठी गल्लत होते: विद्यापीठाचे नाव आणि विभागाचे नाव यांत ते फरक करत नाहीत. नोकरी देणारा मात्र करतो.

दिल्लीच्या एम्सची गोष्ट वेगळी आहे. तेथे फी नाममात्र, नाव निर्विवाद आणि रुग्णांना तोटा नाही. पण जागा मोजक्या आणि प्रवेशपरीक्षा देशभरातल्या मुलांची. परीक्षा जरूर द्यावी, तिच्या भरवशावर बाकीचे अर्ज मात्र थांबवू नयेत.

नाव खरे की पोकळ हे तपासण्याचा माझा मार्ग साधा आहे. कामाच्या दिवशी, सकाळी साडेनऊ-दहाला, कॉलेजशी जोडलेल्या रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन तासभर बसावे. प्रवेश कार्यालयाने दाखवलेली चकचकीत प्रयोगशाळा पाहून समाधान मानू नये. प्रयोगशाळेत मुले एकमेकांचेच डोळे तपासतात आणि वीस वर्षांच्या निरोगी डोळ्यांत शिकण्यासारखे फार नसते. ओपीडीत नंबर काढण्याच्या खुर्च्या किती आहेत ते मोजावे. मग रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायचे हातातले उपकरण, कोणाकडे आहे ते पाहावे. विद्यार्थी तपासत आहे आणि मागे शिक्षक उभे राहून पुन्हा पडताळत आहेत, असे दृश्य दिसले तर त्या कॉलेजला अर्धे गुण तेथेच द्यावेत. विद्यार्थी भिंतीला टेकून फक्त पाहत असतील, किंवा त्यांचे काम केसपेपर शोधून देणे आणि डोळ्यांत थेंब घालणे एवढेच असेल, तर माहितीपत्रकात काहीही छापलेले असो, चार वर्षे तशीच जाणार आहेत.

यावर एवढा भर का, हे एका उदाहरणाने सांगतो. नोकरीसाठी येणाऱ्या नव्या पदवीधरांना मी एक प्रसंग देतो: सात वर्षांचा मुलगा आहे, डोके दुखते म्हणतो, ऑटोरिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या यंत्राच्या, कागदावर वजा दोन छापून आले आहे, पुढे काय करशील? ज्याने मुलांची ओपीडी केलेली असते तो त्या कागदावर विश्वास ठेवत नाही. मूल यंत्रात पाहताना डोळ्यांवर जोर देते आणि खोटा वजा नंबर येऊ शकतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब घालून स्नायू सैल झाल्यावर रेटिनोस्कोपी करू असे सांगतो, आणि ६६ सेंटिमीटरवर बसून तपासले असेल तर त्या अंतरापोटी हिशेबातून दीड डायॉप्टर (नंबराचे एकक) वजा करायला विसरत नाही. ज्याने फक्त वाचलेले असते तो वजा दोनचा चष्मा लिहून देतो. दोघांच्या गुणपत्रिका सारख्याच असू शकतात, आणि मोठ्या नावाच्या कॉलेजातून आलेला उमेदवार दर वेळी पहिल्याच प्रकारचा निघतो असेही नाही.

म्हणून ओपीडी पाहून झाल्यावर चौथ्या वर्षाच्या मुलांना चहाला घेऊन जावे. त्यांना कॉलेज चांगले आहे का असे मोघम विचारू नये, कारण त्याचे उत्तरही मोघमच येते. त्याऐवजी लॉगबुक, म्हणजे तपासलेल्या रुग्णांची नोंदवही, दाखवायला सांगावे. स्वतःच्या हाताने केलेल्या रेटिनोस्कोपीच्या नोंदी किती, लहान मुलांच्या किती, तिरळेपणाचे रुग्ण किती पाहिले, साध्या मऊ लेन्सपलीकडे केराटोकोनसच्या (बुबुळाचा पुढचा पडदा शंकूसारखा होण्याच्या विकाराच्या) रुग्णाला आरजीपी ही कडक लेन्स कधी बसवली का, लो-व्हिजनचा (चष्म्यानेही पुरेसे न दिसणाऱ्या रुग्णांचा) विभाग आहे की फक्त वेळापत्रकात आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीची बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची मापे, करायला मिळते का, हे आकड्यांत विचारावे. लॉगबुकातल्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत भरल्यासारख्या दिसल्या तर काय समजायचे ते वेगळे सांगायला नको. याच मुलांना शिक्षकांविषयीही विचारावे: पूर्णवेळ ऑप्टोमेट्रिस्ट शिक्षक किती, आणि गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले.

खर्चाकडे येताना पहिली सूचना अशी की वार्षिक फीची तुलना करूच नये. चार वर्षांचा संपूर्ण खर्च कागदावर मांडावा. समजा, बाहेरगावच्या नामांकित कॉलेजची फी वर्षाला १,५०,००० रुपये आहे. चार वर्षांचे ६,००,००० झाले. वसतिगृह आणि मेस मिळून महिना ९,००० धरले तर ४८ महिन्यांचे ४,३२,००० होतात. येण्याजाण्याचे ४०,००० आणि स्वतःचा रेटिनोस्कोप, डोळ्याचा आतला भाग पाहायचा ऑफ्थॅल्मोस्कोप, पुस्तके यांचे ४०,००० धरले की बेरीज ११,१२,००० रुपयांवर जाते. घराजवळच्या कॉलेजची फी १,१०,००० असेल तर चार वर्षांचे ४,४०,०००, एसटीचा पास आणि डबा धरून महिना १,५०० प्रमाणे ७२,०००, उपकरणांचे तेच ४०,०००, एकूण ५,५२,०००. माहितीपत्रकावर फरक वर्षाला ४०,००० चा दिसत होता, प्रत्यक्षात तो ५,६०,००० रुपयांचा निघाला. एवढी रक्कम कर्जाने उभी केली आणि व्याज १० टक्के धरून सात वर्षांत फेडायची ठरवली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,३०० रुपये येतो, आणि शिक्षण चालू असताना चढणारे व्याज यात धरलेले नाही. पहिला पगार वीस हजारांच्या आसपास असेल तर त्यातला जवळजवळ अर्धा त्या फरकापोटी जाणार. हे आकडे मी हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या दोन कॉलेजांचे खरे आकडे त्या जागी घालावेत.

या हिशेबात इंटर्नशिपचे वर्ष हमखास चुकते. काही ठिकाणी त्या वर्षाची पूर्ण फी घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत, आणि काही रुग्णालये विद्यावेतनही देतात. प्रवेशाच्या वेळी हे विचारायचे राहून गेल्यामुळे चौथ्या वर्षी अचानक लाखभर रुपयांची जमवाजमव करावी लागलेले एक कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. कॉलेजने नियमाबाहेर काही केले नव्हते, नियम तेवढा कोणी मोठ्याने वाचून दाखवला नव्हता. तसेच परीक्षा शुल्क, विद्यापीठ पात्रता शुल्क, अनामत रक्कम आणि दरवर्षी फी किती टक्क्यांनी वाढू शकते, हेही लिहून घ्यावे.

महाराष्ट्रात शिष्यवृत्त्या आणि फी-सवलती महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळतात, पण त्या कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या कॉलेजला आणि कोणत्या प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्याला लागू होतात याच्या अटी असतात. "सवलत मिळून जाईल" हे प्रवेश कार्यालयातले वाक्य प्रमाण मानू नये. मागच्या तुकडीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यावर खरोखर रक्कम जमा झाली का, ते त्यालाच विचारावे. शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा मालमत्ता तारण मागत नाहीत आणि हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. त्या काळातले व्याज जमेल तसे भरत राहिल्यास पुढचा भार बराच हलका होतो. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षे वजावटही मिळते.

हे सर्व समोर मांडल्यावर निर्णय कसा घ्यावा? माझे मत असे आहे की नावासाठी जादा पैसे मोजायचे तर त्या पैशांतून जादा रुग्ण आणि जादा चांगले शिक्षक मिळत असले पाहिजेत. ओपीडीतल्या भेटीत आणि लॉगबुकात हा फरक डोळ्यांना दिसला, आणि मुलीला पुढे एम.ऑप्टोम., संशोधन किंवा परदेशातले उच्च शिक्षण करायचे असेल, तर कर्ज काढून मोठ्या कॉलेजात जाणे योग्य ठरते. तेथे शिफारसपत्र कोणाचे आहे यालाही वजन असते. मात्र अमेरिकेत व्यवसाय करायचा असेल तर भारतातल्या कोणत्याही कॉलेजची बी.ऑप्टोम. थेट चालत नाही. तेथे डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री ही पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. त्या आशेवर महागडे कॉलेज घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

मुलीला सांगली, लातूर किंवा जळगावातच व्यवसाय थाटायचा असेल, घरचे चष्म्याचे दुकान असेल, तर गणित बदलते. त्या गावातला रुग्ण पदवी कोठली हे विचारत नाही, चष्मा लागला की नाही एवढेच पाहतो. अशा वेळी घराजवळचे, बऱ्यापैकी ओपीडी असलेले कॉलेज घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतला थोडा भाग पुढच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. मोठी नेत्ररुग्णालये पदवीधर ऑप्टोमेट्रिस्टना फेलोशिप देतात. कॉन्टॅक्ट लेन्स किंवा मुलांचे डोळे यांपैकी एखाद्या विषयात तेथे वर्षभर काढले की हात चांगला तयार होतो. काही कॉलेजे इंटर्नशिपही बाहेरच्या रुग्णालयात करू देतात. तशी मुभा आहे का, आणि असल्यास कोणत्या रुग्णालयांत मुले प्रत्यक्ष गेली, हे विचारावे. मध्यमवर्गीय घरासाठी हा मधला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

शंभर टक्के प्लेसमेंटच्या जाहिरातीने दोन्हीकडे फारसे हुरळू नये. ऑप्टोमेट्रिस्टची गरज मोठी आहे, त्यामुळे नोकरी मिळतेच. प्रश्न कोणती मिळते हा आहे. रुग्णालयात तपासणी करणे आणि साखळी दुकानात महिन्याला अमुक चष्मे विकण्याचे लक्ष्य गाठणे, ही दोन्ही कामे त्या शंभर टक्क्यांत धरलेली असतात. गेल्या तुकडीची मुले कोठे लागली ती यादी मागावी आणि त्यांतल्या दोघांना फोन करावा.

शेवटी प्रवेशाच्या दिवसाबद्दल. दोन्ही कॉलेजांच्या तारखा पुढेमागे असतात आणि आधीचे कॉलेज "आजच भरा, उद्या जागा नाही" असा धोशा लावते. अशा वेळी जागा धरून ठेवायला हरकत नाही, पण मूळ कागदपत्रे देऊन येऊ नये. ती फक्त पडताळून परत द्यायची असतात, ठेवून घेता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालच्या अधिसूचनेत स्पष्ट केले आहे. त्याच अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्काची किरकोळ कपात वगळता पूर्ण फी परत मिळते, त्यानंतर ती ९०, ८०, ५० टक्के अशी उतरत जाते आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. म्हणून पैसे भरताना पावतीबरोबर ती अंतिम तारीखही लिहून घ्यावी, आणि दुसऱ्या कॉलेजची ओपीडी पाहून येण्याचे काम त्या तारखेच्या १५ दिवस आधी उरकावे.