अपग्रेडच्या आधी लायब्ऱ्यांची यादी करा

उबंटू या लिनक्स सिस्टिमच्या १८.०४ आवृत्तीवरून २०.०४ वर गेलो तेव्हा बॅकअप घेतलेला होता आणि डिस्कवर जागाही भरपूर होती. तरी आकृत्या काढायचा माझा जुना प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी उघडला नाही. तो पुन्हा उभा करण्यात तीन रात्री गेल्या. जे काम मी केलं नव्हतं ते अर्ध्या तासाचं होतं: जुन्या सिस्टिमवर प्रोग्रॅम चालू असतानाच तो कोणकोणत्या लायब्ऱ्या (प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइली) वापरतो याची यादी करणं. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण ही यादी अपग्रेडच्या आधी करा.

बॅकअप घ्याच. पण आपण सहसा होम फोल्डरचा बॅकअप घेतो आणि लायब्ऱ्या होममध्ये नसतात, त्या यूएसआर-लिब या सिस्टिमच्या फोल्डरात असतात. माझा प्रोग्रॅम क्यूटी ४ वर (खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या लायब्ऱ्यांच्या संचावर) बांधलेला, टारबॉलमधून (एकत्र बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यातून) उघडून ऑप्ट या फोल्डरात ठेवलेला. त्याला क्यूटी ४ लागतं हे प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज व्यवस्थेला कळायचा मार्गच नव्हता. २०.०४ च्या भांडारातून (जिथून पॅकेजेस उतरवली जातात तिथून) क्यूटी ४ गेलेलं होतं. अपग्रेडच्या शेवटी ‘कालबाह्य पॅकेजेस काढू का’ असं विचारलं गेलं, मी हो म्हटलं आणि त्या लायब्ऱ्या गेल्या. तिथे नाही म्हणा. काय काढायचं ते सगळं तपासून झाल्यावर सावकाश काढता येतं.

आता यादी. प्रोग्रॅमच्या फाइलवर आधी ‘फाइल’ ही कमांड चालवून ३२ बिट की ६४ बिट ते बघा, मग लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी ‘एलडीडी’ ही कमांड चालवा आणि उत्तर एका फाइलमध्ये साठवा. पण एलडीडीवर थांबू नका. मी दुसऱ्या रात्री तिथेच अडकलो. प्रोग्रॅम उघडला, पण एसव्हीजी चित्रं दिसेनात. कारण क्यूटी ती चित्रं एका प्लगइनमधून (गरजेनुसार जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीतून) वाचतं आणि ते प्लगइन प्रोग्रॅम चालू झाल्यावर ओढलं जातं. एलडीडीला ते दिसत नाही. म्हणून जुन्या सिस्टिमवर प्रोग्रॅम उघडा, रोजची सगळी कामं करा (फाइल उघडा, चित्र घाला, पीडीएफ काढा, छापा) आणि तो चालू असतानाच प्रॉक या चालू प्रोग्रॅमांची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरामध्ये त्याच्या प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरातली ‘मॅप्स’ फाइल वाचा. त्यात त्या क्षणी वापरात असलेली प्रत्येक लायब्ररी पूर्ण पत्त्यासकट असते. हे नव्या सिस्टिमवर करता येत नाही, कारण तिथे प्रोग्रॅम चालतच नसतो. म्हणून पुन्हा सांगतो, अपग्रेडच्या आधी.

यादी झाली की त्या लायब्ऱ्या प्रोग्रॅमशेजारी एका वेगळ्या फोल्डरात उतरवा. मॅप्समध्ये ४.८.७ असं पूर्ण आवृत्तीचं खरं नाव दिसतं, पण प्रोग्रॅम नुसत्या ४ ने संपणारं नाव शोधतो. ते नाव म्हणजे लिंक असते, तीही सोबत घ्या. प्लगइनचं फोल्डर वेगळं ठेवा. जी-लिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी), लोडर (प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ऱ्या जोडणारा), सी-प्लसप्लसची लायब्ररी आणि ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र घेऊ नका. जी-लिबसी जुन्या प्रोग्रॅमना सांभाळून घेते. तिची जुनी प्रत नव्या लोडरसोबत चालत नाही. सी-प्लसप्लसची जुनी लायब्ररी पुढे आली तर नवा ग्राफिक्स ड्रायव्हर तिच्यावर अडखळतो.

मग प्रोग्रॅमसाठी छोटी स्क्रिप्ट लिहा. त्यात एलडी लायब्ररी पाथ (लायब्ऱ्या आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) त्या फोल्डरकडे आणि क्यूटी प्लगइन पाथ प्लगइनच्या फोल्डरकडे वळवा. फक्त त्या स्क्रिप्टमध्ये. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) घातलंत तर टर्मिनलमधून चालू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी त्या जुन्या लायब्ऱ्याच उचलेल. जुन्या फाइली यूएसआर-लिबमध्ये टाकू नका. जुन्या आवृत्तीचं भांडार एपीटीला (पॅकेजेस आणणाऱ्या साधनाला) जोडू नका. लिबएसएसएल (ओपनएसएसएलची, नेटवरचा संवाद सुरक्षित करणारी लायब्ररी) ३ ला १.१ चं नाव देणारी लिंक करू नका; नाव जुळलं तरी आतली फंक्शन्स जुळत नाहीत. उबंटू २२.०४ पासून ओपनएसएसएल ३ आहे आणि १.१.१ चे मोफत दुरुस्ती-अपडेट सप्टेंबर २०२३ मध्ये संपले. त्यामुळे नेटवर बोलणारा जुना प्रोग्रॅम असेल तर तो व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) ठेवा आणि त्याला नेट देऊ नका.

३२ बिटचा प्रोग्रॅम असेल तर एक फसवा संदेश येतो: फाइल समोर दिसते, तरी ‘अशी फाइल नाही’. जी सापडत नाही ती ३२ बिटचा लोडर असतो. डीपीकेजीला (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला) आय३८६ म्हणजे ३२ बिटचं आर्किटेक्चर जोडा, एपीटी अपडेट करा, मग हव्या त्या लायब्ऱ्या आय३८६ जोडून मागवा.

ॲपइमेजसाठी (एकाच फाइलमध्ये बांधून दिलेल्या प्रोग्रॅमसाठी) उबंटू २२.०४ पासून लिबफ्यूज२ ही लायब्ररी सहसा वेगळी बसवावी लागते, २४.०४ मध्ये त्याच नावापुढे टी६४ आहे. नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज बसवू नका, ते फ्यूज३ काढतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात.

पायथन २ ही भाषा डेबियन १२ मध्ये (उबंटूचा आधार असलेल्या सिस्टिममध्ये) नाही. त्यावरच्या स्क्रिप्ट जुन्या आवृत्तीच्या कंटेनरमध्ये (सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) चालवा. वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर स्क्रीनशॉट घेणारी आणि शॉर्टकट पकडणारी जुनी साधनं बिघडतात, लॉगिनच्या वेळी एक्स११ या जुन्या व्यवस्थेचा पर्याय असेल तर तो निवडून बघा. बाहेरची भांडारं अपग्रेडमध्ये बंद होतात, ती नंतर एकेक करून चालू करा.

जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा. आणि अजून अपग्रेडचं बटण दाबलं नसेल, तर प्रोग्रॅम आत्ता उघडा आणि मॅप्सची यादी आत्ताच साठवा.