जॉन फेहीचा संग्रह गिटार हातात घेऊन ऐका

अमेरिकन गिटारवादक जॉन फेही आजवर ऐकलाच नसेल तर १९९४ साली राइनो या रेकॉर्ड कंपनीनं काढलेल्या 'रिटर्न ऑफ द रिप्रेस्ड' या दोन सीडींच्या संग्रहापासून सुरू करा. कामं करता करता मागं लावून ठेवायचा हा माल नव्हे. बहुतेक ठिकाणी एकटी स्टीलच्या तारांची गिटार, ना गाणारा ना शब्द. नुसतं कानावरनं गेलं तर थोड्या वेळानं सगळं एकसारखंच वाटतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या गिटार क्लासची पोरं इथंच कंटाळतात.

म्हणून आधी गिटार ओपन जी या जुळणीला लावा. सहावी तार ईवरनं डीला, पाचवी एवरनं जीला, पहिली ईवरनं डीला उतरवायची. मधल्या तिघींना हात लावू नका. डावा हात न लावता सगळ्या तारा छेडल्या तर आख्खा कॉर्ड वाजला पाहिजे. आपल्याकडं पावसाळ्यात तारांना गंज धरतो, त्या काळात वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसत जा. फेही ओपन सी ही जुळणी पण वापरायचा, पण त्यात दुसरी तार चढवावी लागते. ते नंतर.

आता एकच ट्रॅक लावा आणि फक्त अंगठा ऐका. शाहीर कितीही तापला तरी मागं तुणतुणं आपली लय सोडत नाही, तसा हा अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर आलटून पालटून चालत राहतो. तुम्हीही तेवढाच वाजवा. शेजारच्याशी बोलत असतानाही तो चालू राहिला की मगच तर्जनी घाला. या पायरीला आठवडे लागले तरी चालतील. घाई करणाऱ्याची चाल पुढं नक्की अडखळते, बघा.

मग तुलना. पहिली रेकॉर्ड त्यानं १९५९ साली स्वतःच्या टाकोमा लेबलवर काढली, अवघ्या १०० प्रती. त्यातल्या चाली १९६४ आणि १९६७ मध्ये पुन्हा वाजवल्या. संग्रहातली एखादी आवडली की तिची दुसरी रेकॉर्डिंगही शोधा. नंतरचा हात जास्त सफाईदार आहे, मला जुनाच खरखरीत बरा वाटतो.

संग्रह १९९४चा आणि फेही गेला २००१ साली, त्यामुळं शेवटची वर्षं या संग्रहात नाहीत. १९९७चा 'सिटी ऑफ रेफ्यूज' हा गोंगाटी आल्बम वेगळा मिळवा, पण हेडफोन लावूनच ऐका. नाहीतर घरातले विचारतील, स्पीकर फाटला काय?