वस्तुस्थिती, मत आणि आपला कल: तिन्ही वेगळे कसे ओळखावेत

एखादे वाक्य वस्तुस्थिती सांगते की मत, हे ठरवताना ते खरे आहे की खोटे हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे, हे विधान वस्तुस्थितीविषयीचे आहे. पण 'चंद्र पाच लाख किलोमीटर दूर आहे' हे चुकीचे विधानही त्याच जातीचे आहे, कारण मोजमाप करून ते खोडून काढता येते. 'चंद्रावर माणूस पाठवण्यासाठी केलेला खर्च योग्य होता' हे मात्र मत आहे. खर्चाचा आकडा कितीही अचूक मिळाला, तरी 'योग्य' हा शब्द कोणत्याही मोजपट्टीत बसत नाही. म्हणून कोणतेही विधान समोर आले की स्वतःला विचारावे: हे चुकीचे असेल, तर माझ्याशी मुळीच न पटणाऱ्या माणसालाही ते कशाने दाखवून देता येईल? नोंद, मोजमाप, दस्तऐवज, प्रत्यक्ष पाहणी असे काही उत्तर सुचले तर विधान वस्तुस्थितीविषयक आहे. 'हे तर कोणालाही समजेल' एवढेच उत्तर सुचत असेल तर बहुधा ते मत आहे.

हे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या जनमताचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये पाच हजारांहून अधिक प्रौढांना पाच वस्तुस्थितीविषयक आणि पाच मतदर्शक विधाने देऊन ती ओळखायला सांगितली. वस्तुस्थितीची पाचही विधाने बरोबर ओळखणारे २६ टक्के, तर मतांची पाचही ओळखणारे ३५ टक्के निघाले. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटते: आपल्या राजकीय बाजूला मानवणारे विधान असले की तिथल्या दोन्ही प्रमुख पक्षांचे लोक त्याला वस्तुस्थिती म्हणण्याकडे अधिक झुकत होते, मग ते विधान निव्वळ मत का असेना. थोडक्यात, वाक्याची पारख आणि स्वतःच्या मनाची पारख ही दोन वेगळी कामे नाहीत.

व्यवहारात शुद्ध वस्तुस्थिती किंवा शुद्ध मत क्वचितच भेटते. एकाच वाक्यात दोन्ही एकमेकांत विणलेली असतात. पुढचे वाक्य पाहा: 'नव्या मुख्याध्यापकांच्या बेशिस्त कारभारामुळे शाळेचा निकाल तब्बल बारा टक्क्यांनी घसरला.' कागद घेऊन याचे तुकडे करावेत. मुख्याध्यापक नवे आहेत, हे नियुक्तीच्या तारखेवरून तपासता येते. निकाल बारा टक्क्यांनी घसरला, हेही तपासता येते. पण लगेच पुढचा प्रश्न विचारावा की परीक्षेला बसले किती? पंचवीस विद्यार्थी बसले असतील, तर बारा टक्के म्हणजे तीन विद्यार्थी. 'बेशिस्त' हे मत आहे. त्यामागे कोणत्या घटना आहेत, हे वाक्य सांगत नाही. 'तब्बल' हा लिहिणाऱ्याचा धक्का आहे. आणि सगळ्यांत अवजड भार ज्याच्यावर आहे तो शब्द म्हणजे 'मुळे'. आधी एक गोष्ट घडली आणि नंतर दुसरी घडली, एवढ्यावरून पहिलीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. प्रश्नपत्रिका बदलली होती का, शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या का, आजूबाजूच्या शाळांचे निकालही घसरले का, हे पाहिल्याशिवाय हा 'मुळे' म्हणजे केवळ अंदाज आहे. अंदाज बरोबरही ठरू शकतो, पण वाक्यात तो वस्तुस्थितीचा वेश घालून उभा आहे.

मराठीत असे वेश ओळखायला सराव लागतो, कारण आपली भाषा मत फार लहान शब्दांत लपवते. शंभर माणसे 'तब्बल शंभर' होतात, 'जेमतेम शंभर' होतात किंवा 'अवघी शंभर' होतात. आकडा तोच, वाचणाऱ्याच्या मनातले चित्र वेगळे. 'च' हा प्रत्यय शंका घेण्याची वाटच बंद करतो: 'त्याने केले' आणि 'त्यानेच केले' यांतला फरक पुराव्याचा नसून बोलणाऱ्याच्या खात्रीचा असतो. क्रियापदेही तपासावीत. एकाच माणसाचे एकच बोलणे कोणी 'सांगितले' म्हणून देतो, कोणी 'दावा केला' म्हणून, तर कोणी 'कबुली दिली' म्हणून. पहिल्याच्या तुलनेत दुसऱ्यात अविश्वास आहे आणि तिसऱ्यात गुन्हा आधीच गृहीत धरला आहे. उलट 'म्हणे' हा शब्द प्रामाणिक आहे: गोष्ट ऐकीव आहे हे तो उघड सांगतो. निरोप पुढे पाठवताना नेमका हाच शब्द गळतो आणि सांगोवांगीची गोष्ट पक्की बातमी होऊन बसते. संशयास्पद वाक्यातून असे शब्द काढून ते पुन्हा लिहून पाहावे. जे उरते तेवढेच तपासायचे असते.

मत म्हणजे टाकाऊ वस्तू, असा याचा अर्थ नाही. तपासणीचे अहवाल पाहून डॉक्टर देतात तो सल्ला मतच असतो, पण त्यामागची निरीक्षणे मागता येतात आणि दुसरा डॉक्टर ती पडताळू शकतो. ज्या मतामागची कारणे विचारता येतात, त्याचे वजन जास्त.

आता स्वतःकडे वळू. 'मी पक्षपाती आहे का?' असे मनाला विचारून उपयोग होत नाही. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले की बहुतेक लोक स्वतःला इतरांपेक्षा कमी पक्षपाती समजतात. आतून पाहिले की आपल्याला आपले हेतू दिसतात आणि ते चांगलेच असतात. कल दिसतो तो वागण्यात. १९५१ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ आणि प्रिन्स्टन या शिक्षणसंस्थांच्या संघांत अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याचे चित्रीकरण दाखवून नियमभंग मोजायला सांगितले, तेव्हा डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग त्यांच्याच विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. कोणी खोटे बोलत नव्हते. जे दिसले तेच त्यांनी मोजले होते.

मलाही हे मोजल्यावरच उमगले. एक सहकारी नेहमी उशिरा येतो, अशी माझी ठाम समजूत होती आणि ती मी वस्तुस्थिती म्हणूनच इतरांना सांगत असे. मग चार आठवडे मी त्याची आणि माझीही येण्याची वेळ वहीत लिहिली. वीस दिवसांत तो सहा दिवस उशिरा आला होता आणि मी पाच दिवस. माझ्या प्रत्येक उशिराला माझ्याकडे कारण होते. त्याचे कारण मी एकदाही विचारले नव्हते. 'नेहमी', 'कधीच नाही', 'सगळे असेच' हे शब्द तोंडात आले की मोजायला बसावे, ही सवय मला तिथून लागली.

दुसरी सवय चार्ल्स डार्विन यांची आहे. आपल्या निष्कर्षांविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की ते ती गोष्ट लगेच टिपून ठेवत, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा स्मरणातून लवकर निसटतात, हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. आपल्याकडच्या वादपद्धतीतला पूर्वपक्षही हेच शिकवतो: खंडन करण्याआधी समोरच्याचे म्हणणे इतके नीट मांडावे की त्याने 'हो, मला हेच म्हणायचे आहे' असे म्हणावे. तेवढे जमत नसेल, तर आपण त्याच्या मताशी वाद घालत नसून त्याच्याविषयीच्या आपल्या कल्पनेशी वाद घालत असतो.

रोजच्या वाचनात एक अदलाबदल करून पाहावी. बातमी वाचून आनंद किंवा संताप झाला की तिच्यातील पक्षांची नावे मनात बदलावीत आणि तीच बातमी पुन्हा वाचावी. आता पुरावा अपुरा वाटू लागला, तर तो आधीही अपुराच होता. न आवडलेल्या बातमीची आपण आपोआप शहानिशा करतो, स्रोत शोधतो, तारीख पाहतो. आवडलेल्या बातमीला मात्र तशीच वाट देतो. म्हणून तपासणीचा वेळ मुद्दाम आवडलेल्या बातमीवर खर्च करावा. आणि एखाद्या वादग्रस्त विषयावर मत बनवताना वहीत तारखेसह दोन ओळी लिहाव्यात: पहिलीत आपले मत, दुसरीत ते मत बदलायला कोणती गोष्ट पुरेशी ठरेल ते. दुसरी ओळ लिहिताच येत नसेल, तर पहिली तशीच ठेवून त्या विषयाचे वाचन पुन्हा सुरू करावे.