अहेरीत टॉवर नसतो तेव्हा: डॅशबोर्ड की ऑफलाइन रिपोर्ट?

एमआयएसमध्ये, म्हणजे कंपनीचे आकडे गोळा करून रिपोर्ट बनवायच्या कामात, नव्यानं लागलेली मुलं-मुली मला नेहमी विचारतात, "ताई, आधी पॉवर बीआय शिकू की एक्सेल पक्कं करू?" मी त्यांना उलट विचारते, तुझा रिपोर्ट बघणारा माणूस तेव्हा कुठे असणार आहे? केबिनमध्ये, की गाडीत?

हा प्रश्न मला 2017 च्या खरिपानं शिकवला. नागपुरात बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. टॅलीतली विक्री, गोदामांचा साठा आणि डीलरांकडची उधारी रोज एकत्र करायची, हे माझं काम. पॉवर बीआय, म्हणजे डॅशबोर्ड (एकाच पडद्यावर आलेख आणि आकडे) बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, तेव्हा नवीनच होतं. मी हौसेनं डॅशबोर्ड केला आणि तो मालकांच्या केबिनमधल्या टीव्हीवर लागला. यवतमाळ-वर्ध्याकडचं कपाशीचं बियाणं, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचं धान, कुठे माल संपत आलाय, कोणाची उधारी वाढलीय, सगळं एका नजरेत. सकाळी चहा घेता घेता मालक ते बघायचे आणि तिथूनच फोन लावायचे. केबिनसाठी डॅशबोर्डच योग्य होता, हे मी आजही म्हणेन.

जूनच्या मध्यात गडचिरोलीतल्या अहेरीहून आमच्या एरिया मॅनेजरांचा फोन आला. आवाज तुटत होता. "मॅडम, इथं टॉवरच नाही तं तुमचा डॅशबोर्ड पाहू कशात? डीलर समोर बसून आहे. त्याची बाकी किती, मागच्या साली कोणतं वाण किती उचललं, तेवढं सांगा." मी सांगेपर्यंत फोन कटला. पेरणीचे दिवस होते, ऑर्डर दुसऱ्या कंपनीकडे गेली.

त्या रात्री मी पहिली ऑफलाइन फाइल बनवली. ऑफलाइन म्हणजे पीडीएफ नव्हे. पीडीएफमध्ये आकडे जागच्या जागी बसलेले असतात, डीलर बदलून बघता येत नाही. मला हवी होती अशी फाइल, जिच्या पोटातच डेटा आहे आणि जी नेट नसतानाही गाळता येते. एक्सेलची पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक यादीच्या हव्या तशा बेरजा मांडणारा तक्ता, हे काम करते, कारण ती मूळ डेटाची एक प्रत फाइलमध्येच ठेवते. त्यावर स्लाइसर, म्हणजे टिचकी मारून हवं ते नाव निवडायची बटणं, लावले. ही सोय एक्सेल 2010 पासून आहे. स्लाइसरच्या रिपोर्ट कनेक्शन्स या पर्यायातून एकच स्लाइसर तिन्ही पिव्होटना जोडला. डीलरच्या नावावर टिचकी मारली की विक्री, साठा, उधारी तिन्ही बदलतात. मोठ्या कंपन्यांत हेच काम आयबीएमच्या कॉग्नोस या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरच्या ॲक्टिव्ह रिपोर्टमधून होताना तुम्हाला दिसेल. तत्त्व तेच, डेटा फाइलसोबत प्रवास करतो.

आणि तिथेच माझी मोठी चूक झाली. नव्यांनी हा भाग नीट वाचावा.

एका डीलरला त्याचा हिशेब हवा होता, म्हणून मॅनेजरांनी स्लाइसरवर त्याचं नाव निवडून तीच फाइल त्याला पाठवली. त्यानं उधारीच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं. पिव्होटमधल्या बेरजेवर दोनदा क्लिक केलं की एक्सेल नवीन शीट उघडून त्यामागच्या सगळ्या ओळी मांडतं. बिलं, तारखा, सूट, सगळं. मग त्यानं स्लाइसर मोकळा केला आणि पुन्हा क्लिक केलं. शेजारच्या तालुक्यातल्या डीलरला किती सूट मिळते, हे त्याला घरबसल्या कळलं. मूळ शीट मी काढून टाकली होती, त्यामुळे डेटा गेला असं समजून मी निर्धास्त होते. तो पिव्होटच्या कॅशमध्ये, म्हणजे फाइलमध्ये ठेवलेल्या त्या प्रतीत, होताच.

यावर दोन उपाय लोक सांगतात आणि दोन्ही अपुरे आहेत. पिव्होट ऑप्शन्समधून तपशील दाखवणं बंद करता येतं, पण समोरचा ते परत चालू करू शकतो. फाइलसोबत डेटा ठेवूच नका असंही सांगता येतं, पण मग नेटशिवाय स्लाइसर चालत नाहीत, म्हणजे फाइलचा उपयोगच संपला. खरा उपाय एकच, डेटा आत घालण्याआधीच कापायचा. अहेरीच्या फाइलमध्ये अहेरीच्याच ओळी, डीलरच्या फाइलमध्ये फक्त त्या डीलरच्या. पॉवर बीआयमध्ये सर्व्हरवर रो-लेव्हल सिक्युरिटी लावता येते, लॉगिन करणाऱ्याला त्याच्याच ओळी दिसतात. फाइल एकदा हातात गेली की असा पहारेकरी उरत नाही.

शिळ्या आकड्यांचा त्रासही सोसला. सोमवारच्या मीटिंगमध्ये दोन मॅनेजर एकाच गोदामाचे दोन साठे सांगत होते. एकाकडे शुक्रवारची फाइल, दुसऱ्याकडे व्हॉट्सॲपवर फिरत आलेली त्याआधीच्या मंगळवारची. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात असतं: "हे आकडे 14 जून, रात्री 10 पर्यंतचे". फाइलच्या नावातही तारीख. डॅशबोर्डवरही हे लिहा, कारण डॅशबोर्ड म्हणजे ताजा आकडा हा समज चुकीचा आहे. इम्पोर्ट पद्धतीत, म्हणजे डेटाची प्रत पॉवर बीआयमध्ये आणून ठेवली असेल तर, पॉवर बीआय प्रो या परवान्यावर दिवसातून 8 वेळाच ठरवून रिफ्रेश लावता येतो. मधल्या वेळात टीव्हीवरचा आकडाही जुनाच असतो.

फाइल कशात उघडणार, हेही बघा. एक्सेलसिअस या जुन्या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरमध्ये केलेले सुंदर रिपोर्ट फ्लॅश प्लेअरवर चालायचे; 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीनं फ्लॅशचा आधार काढला आणि ते बंद पडले. शिवाय एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळीच मावतात, आणि त्याच्या कितीतरी आधी साधा लॅपटॉप धापा टाकू लागतो.

नागपूरच्या मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कात मुलाखतीला जाणार असाल, तर सरावासाठी दूर जाऊ नका. ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर नागपूरच्या कळमना बाजाराची संत्र्याची आवक आणि भाव मिळतात. अंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार वेगळे काढा. व्यापाऱ्यासाठी डॅशबोर्ड करा, आणि काटोलच्या बागायतदारासाठी फाइल. फाइल झाली की लॅपटॉपचं वायफाय बंद करून ती उघडा, सगळे स्लाइसर मोकळे करा आणि बेरजेवर दोनदा क्लिक करा. ज्या ओळी उघडतील, त्या काटोलच्या बागायतदारानं बघितलेल्या तुम्हाला चालतील का?