युद्धभूमीवरच्या वस्तू ओळखायला शिकताना

पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर निघणाऱ्या वस्तूंचा अभ्यास करायचा आहे, असं सांगणारे विद्यार्थी माझ्याकडे सगळ्यात आधी शिक्क्यांची आणि बिल्ल्यांची यादी मागतात. यादी सहज मिळते. पण त्याआधी एक सवय अंगी बाणवा: जमिनीत काही दिसलं की हात मागे. बेल्जियममधल्या ईपरच्या आसपास आणि उत्तर फ्रान्समध्ये आजही नांगराला तोफगोळे लागतात. शेतकरी ते रस्त्याकडेच्या खांबापाशी ठेवतात आणि पूलकापेलेजवळ तळ असलेलं बेल्जियन लष्कराचं बॉम्बनाशक पथक ते घेऊन जातं. मार्च २०१४मध्ये ईपरच्या एका बांधकामावर असा जुना गोळा फुटून दोन कामगार दगावले. गोळ्याभोवतीच्या तांब्याच्या पट्ट्यावर तोफेच्या नळीतल्या आट्यांचे चरे असतील, तर तो डागला गेला होता एवढंच कळतं. तो निकामी झाला आहे असं त्यावरून कधीच ठरत नाही. काहींमध्ये विषारी वायू आहे, आणि रंगाच्या खुणा केव्हाच गेल्या आहेत. उत्खननावर स्फोटकांचा जाणकार हजर नसेल तर अशा ठिकाणी काम करू नका, मग संधी कितीही चांगली वाटो.

कायद्याचंही तसंच. फ्लँडर्समध्ये, म्हणजे ईपर ज्या भागात येतं त्या बेल्जियन प्रांतात, मेटल डिटेक्टर चालवायला सरकारी मान्यता लागते, फ्रान्समध्ये प्रशासनाची परवानगी. हौशी माणसाने रात्री शेतातून उचलून नेलेलं बक्कल ओळखता येईलही, पण ते कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी पडलं होतं हे कायमचं हरवतं. मला या गोष्टीची मनापासून चीड येते, कारण त्या बक्कलाशेजारी कदाचित एखादा माणूस असतो.

आता ओळखण्याकडे येऊ. सुरुवात शिसं, तांबं, पितळ आणि लोखंडापासून करा. पितळ हिरवं कळकतं, शिशावर पांढरट थर चढतो, लोखंडाचा गंज फुगून मूळ आकारच गिळून टाकतो. लोहचुंबक, बारीक मापं घेणारा व्हर्नियर आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा, एवढ्या सामानावर निम्मं काम होतं. उदाहरण म्हणून शिशाची एक गोल गोळी घ्या. ब्रिटिशांच्या अठरा पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्यात, म्हणजे हवेत फुटून शिशाच्या गोळ्यांचा मारा करणाऱ्या तोफगोळ्यात, अशा सुमारे पावणेचारशे गोळ्या असत. व्यास तेरा मिलिमीटरच्या आसपास, वजन अकरा ग्रॅमच्या जवळपास. हातात घेऊन तिरक्या उजेडात फिरवली की तिच्या अंगावर छोटे चपटे डाग दिसतात. शेजारच्या गोळ्यांशी दाटीवाटीने दबल्याचे ते डाग. फ्लँडर्सच्या मातीत त्याहून जुन्या लढायांच्या बंदुकीच्या गोळ्याही निघतात. त्यातली ब्रिटिश मस्केटची गोळी साडेसतरा मिलिमीटरच्या घरातली आणि जवळजवळ तिप्पट वजनाची असते. दोन्ही एकदा तळहातावर शेजारी-शेजारी घेतल्या की पुन्हा घोटाळा होत नाही.

पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, हा नवख्यांसाठी सगळ्यात चांगला धडा आहे. ब्रिटिश रायफलीच्या थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती छप्पन्न मिलिमीटर लांब भरते. जर्मन माउझरची सत्तावन्न, पण तिला अशी कड नाही, फक्त खाच. फ्रेंच लेबेलची पुंगळी बुडाशी जाड आणि तोंडाकडे झपकन निमुळती होत जाते. शिवाय फ्रेंचांची त्या काळातली गोळी तांब्याच्या मिश्रधातूची, अखंड आणि शिशाशिवाय, त्यामुळे रंगावरूनही ओळखू येते. मग बूड साफ करून शिक्का वाचायचा. साफ म्हणजे लाकडी काडी आणि मऊ ब्रश. तारेच्या ब्रशने घासलंत तर जे वाचायचं तेच पुसून जाईल. ब्रिटिश पुंगळीवर कारखान्याचं अक्षर, वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि रोमन आकड्यात मार्क, म्हणजे काडतुसाच्या नमुन्याचा क्रमांक, असतो. जर्मन पुंगळीवर चार भागांत कारखाना, महिना, वर्ष आणि पितळाच्या प्रकाराची खूण.

हा महिना आणि वर्ष फार कामाचं. बुजवलेल्या खंदकाच्या भरावात डिसेंबर १९१६ची पुंगळी निघाली, तर तो भराव त्याआधीचा असूच शकत नाही. नंतरचा किती, ते बाकीच्या वस्तू सांगतील. पण इथेच बहुतेक जण घाईने पुढचा निष्कर्ष काढतात. शिक्का कारखाना सांगतो, गोळी झाडणारा माणूस सांगत नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा शिक्का म्हणजे के, एफ आणि मध्ये सरकारी बाण. म्हणून फ्रान्समध्ये भारतीय सैनिक जिथे लढले तिथे तो शिक्का शोधायला निघणारे आपले लोक मी पाहिले आहेत. १९१४च्या शरद ऋतूत मार्सेयला उतरल्यावर भारतीय पलटणींना तिथे वापरात असलेल्या मार्क सातच्या दारूगोळ्याच्या रायफली दिल्या गेल्या. म्हणजे आपल्या शिपायाने झाडलेल्या गोळीच्या पुंगळीवर इंग्लंडमधल्या कारखान्याचंच अक्षर असण्याची शक्यता जास्त.

मग माणसापर्यंत पोहोचायचं कसं? २०१६मध्ये उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलजवळच्या रिशबूर गावालगत खोदकामात सैनिकांचे अवशेष निघाले. त्यातल्या दोघांजवळ खांद्यावर लावायच्या बिल्ल्यात ३९ हा आकडा होता. ३९वी गढवाल रायफल्स तिथे लढली होती, पलटणीची ओळख पटली आणि नोव्हेंबर २०१७मध्ये लावांतीच्या लष्करी दफनभूमीत त्या दोघांना सन्मानाने पुरलं गेलं. नावं मात्र कळली नाहीत. ब्रिटिश सैन्यात १९१४पासून ओळखीच्या चकत्या दाबलेल्या फायबरच्या होत्या आणि ओल्या मातीत त्या कुजून जातात. म्हणून चमच्याच्या दांड्यावर, वस्तऱ्याच्या मुठीवर, बुटाच्या तळाशी ठोकलेला किंवा ओरखडलेला क्रमांक शोधायचा. हाडं दिसली की काम थांबवून पोलिसांना कळवायचं. मापं, फोटो, अभ्यास सगळं त्यानंतर.

वस्तू हातात आल्यावर कागदपत्रांकडे जावंच लागतं, आणि मला विचाराल तर खरा आनंद तिथे आहे. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्ध-रोजनिशा आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खंदकांचे ब्रिटिश नकाशे आजच्या नकाशावर बसवून फुकट उपलब्ध केले आहेत. त्यातला अठ्ठावीस क्रमांकाचा नकाशा ईपरचा, छत्तिसावा न्यूव्ह शापेलच्या बाजूचा. चौकोनांची अक्षरं-आकड्यांची पद्धत आठवडाभरात डोक्यात बसते. सरावाला एक दिवस निवडा: २८ ऑक्टोबर १९१४. त्या दिवशी खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या ४७व्या शीख आणि ९व्या भोपाळ पलटणींबरोबर न्यूव्ह शापेल गावात घुसल्या. पूल बांधणारे, सुरुंग पेरणारे ते जवान घराघरांतून संगिनीने लढले आणि त्यांचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले. रोजनिशी वाचा, नकाशावर गाव शोधा, मग न्यूव्ह शापेलच्या स्मारकावरची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. थडगं न सापडलेल्या ४७००हून अधिक भारतीय सैनिकांची नावं त्या स्मारकावर आहेत. पलटणीनुसार ती वाचताना महाराष्ट्रातली गावंही भेटतात.

नोकरीचं स्पष्ट सांगते. या क्षेत्रात कायमच्या जागा थोड्या आहेत. बहुतेक काम रस्ता, गॅसवाहिनी किंवा कारखाना होण्याआधीच्या उत्खननात कंत्राटी मिळतं, आणि तेही हिवाळ्यात चिखलात. पुरातत्त्वाची पदवी हवी, फ्रेंच किंवा डच कामापुरती यायला हवी, आणि जर्मन वाचता आली तर तुमची मागणी एकदम वाढते. वस्तू जतन करण्याचं जुजबी शिक्षणही घ्या. लोखंड धुवायचं नाही. बाहेर आल्यावर मातीतले क्षार ते आतून फोडतात, म्हणून एक्स-रे होईपर्यंत सिलिका जेलसह बंद डब्यात कोरडं ठेवायचं. चामडं मात्र ओलंच ठेवायचं. एकाच माणसाजवळ निघालेला बूट आणि संगीन यांना दोन उलट वागणुकी द्याव्या लागतात, हे पहिल्या महिन्यात पाठ झालं पाहिजे.

मुलाखतीत तुम्ही लिहिलेल्या नोंदी मागतील. त्यासाठी आत्तापासून लिहीत राहा, जुन्या बाजारातलं पितळी बटण घेऊन का होईना: धातू, मापं, वजन, मागच्या बाजूला कारखान्याचं नाव, काय वाचता आलं, काय नाही. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजाने अक्षर भरू नका. ‘ब्रिटिश मशीनगनची गोळी’ असं लिहिलेली पिशवी आमच्याकडे परत पाठवली जाते, कारण तीच गोळी रायफलमध्येही चालायची. ‘थ्री नॉट थ्री, मार्क सात, डागलेली, टोक वाकलेलं’ एवढं लिहिलं की पुढचा अभ्यासक त्यावर काम करू शकतो.