ओर्विएतो: गड बघावा तसं शहर

रोमहून एका दिवसात होणारं हे इटलीतलं डोंगरमाथ्यावरचं शहर. ते गडासारखं बघा: आधी कातळ, मग पाणी, देऊळ (म्हणजे इथलं कॅथेड्रल) शेवटी. निघण्याआधी जमलं तर कान्हेरीच्या पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, पुन्हा एकदा नीट बघून या (सोमवारी उद्यान बंद). म्हणजे नजर तयार होते.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून ‘रेजिओनाले व्हेलोचे’ ही प्रादेशिक गाडी धरा, साधारण सव्वा तास. वेगवान ‘फ्रेच्चा’ गाड्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यातल्या बहुतेक इथे थांबत नाहीत. विरार फास्टमध्ये चढून माटुंगा रोडला उतरू म्हणण्यातला प्रकार. छापील तिकिटावर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात शिक्का घ्यायचा. राहिला, तर तिकीट असूनही दंड.

स्टेशनासमोरूनच दोरावर ओढली जाणारी फ्युनिक्युलर वर जाते. वर पोचल्यावर सगळे देवळाच्या बसकडे धावतात. धावू नका, सांत पात्रिझिओची विहीर तिथेच, दोन पावलांवर आहे. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी कुठून आणणार, म्हणून त्याने वास्तुकार आंतोनिओ दा सांगाल्लोकडून ही विहीर करवून घेतली. ती 1537 मध्ये पुरी झाली. खोली सुमारे 53 मीटर, रुंदी 13. एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने, प्रत्येकी 248 पायऱ्या: एकाने खेचरं रिकामी उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, वाटेत गाठ नाही. दादरच्या पुलाला हे कधी सुचणार! पायऱ्या रुंद, पण तळाशी ओल असते. गुळगुळीत तळाची चप्पल नको. चढताना दम लागला की खिडकीपाशी थांबा.

इतकं खोल का? माथा टफचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड. पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या चिकणमातीवर अडतं. याच मऊपणामुळे घराघराखाली गुहा खोदल्या गेल्या, हजाराहून जास्त. त्या वाटाड्याबरोबरच बघता येतात; तासभर लागतो, तिकीट देवळासमोरच्या चौकात. भिंतीतले चौकोनी कोनाडे नीट बघा: कबुतरखाना, पण खाण्यासाठी पाळलेल्या कबुतरांचा.

देवळाचं काम 1290 मध्ये सुरू झालं. सोनेरी दर्शनी भागावर गर्दी असते. तुम्ही बाजूच्या पट्टेरी भिंतीपाशी जा. पांढरा दगड ट्रॅव्हर्टाइन (चुनखडीचा एक प्रकार), काळा मात्र बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. आत जाताना खांदे झाकलेले हवेत.