वेळेविषयी वाचावे, पण वेळही वाचवावा

गेल्या सत्रात वेळेचे नियोजन, एकाग्रता आणि चालढकल या विषयांवर मी इतके वाचले की टिपणांची एक अख्खी वही भरली. त्याच सत्रात सांख्यिकीच्या सरावाची वही मात्र तिसऱ्या प्रकरणापुढे सरकली नाही. दोष पुस्तकांचा नव्हता. कामाविषयी वाचताना काम केल्याचे समाधान आयते मिळते, आणि ते मिळाल्यावर खऱ्या कामाची निकड ओसरते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. त्यानंतर असे साहित्य वाचण्याची एक रीत मी ठरवून घेतली. इतर विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल असे वाटते.

पुस्तक उघडण्यापूर्वी आपली अडचण एका वाक्यात लिहून काढावी. ‘माझा वेळ वाया जातो’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावर जगातला कोणताही सल्ला लागू पडतो. ‘निबंधाचा पहिला परिच्छेद लिहायला बसले की मी आणखी एक संदर्भ शोधायला उठते’ हे वाक्य चालेल. या एका वाक्यामुळे पुस्तकातील बहुतेक प्रकरणे आपोआप गळून पडतात, आणि ती न वाचता सोडून दिल्याचे कसलेही शल्य बाळगू नये.

पुढचा प्रश्न असा की हा सल्ला मुळात कोणत्या कामासाठी घडला. कार्यक्षमतेची आजची बरीचशी भाषा कारखान्यातून आली आहे. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली मांडलेल्या व्यवस्थापनशास्त्रात कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या जात, आणि एका माणसाने दिवसात किती टन लोखंड उचलले यावर त्याच्या कामाचे मोल ठरे. तिथे टन हे माप निदान समोर दिसते तरी. अभ्यासात आपण त्याच्या जागी पाने किंवा तास मोजतो, आणि इथेच घोटाळा होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून झाल्यावर बाजूला ठेवून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. पानांच्या हिशेबाने पाहिले तर पुस्तक मिटून कोऱ्या कागदाकडे बघत बसलेला विद्यार्थी त्या वेळात काहीच करत नसतो. म्हणून दिवसाच्या शेवटी किती पाने झाली हे न लिहिता, न बघता काय सांगता आले ते लिहावे. मी हे सुरू केले तेव्हा पहिले काही दिवस नोंदी इतक्या तोकड्या होत्या की वही लपवून ठेवावीशी वाटे.

एखादे सूत्र निरीक्षणातून आले आहे की विनोदातून, हेही पाहावे. ‘हाती असलेला वेळ भरून निघेपर्यंत काम फुगत जाते’ हे ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांचे १९५५ सालचे वचन सरकारी नोकरशाहीवर केलेल्या उपहासात्मक लेखातले आहे. ते मार्मिक आहे आणि अनुभवाला पटतेही, पण त्याच्या आधारे प्रत्येक कामाची मुदत निम्मी करणे म्हणजे थट्टेला नियम मानणे होय.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोडोरो पद्धत तर एका विद्यार्थ्याचीच आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को चिरिलो यांनी अभ्यासासाठी स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ वापरले. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. व्याख्यांच्या उजळणीला ही पद्धत मला चांगली मानवली. गणिताची सिद्धता सोडवताना मात्र गजर नेमका अशा क्षणी वाजे की दोन गृहीतके मनात जुळत आलेली असत, आणि पाणी पिऊन परत येईपर्यंत त्यांतले एक निसटलेले असे. त्यामुळे सिद्धतेसाठी मी अवधी पन्नास मिनिटांचा केला, आणि उठण्यापूर्वी पुढची पायरी समासात एका ओळीत लिहून ठेवण्याचा नियम घातला. पद्धत उचलावी ती अशी, आपल्या कामाच्या मापाला बेतून.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी ठरली ती दोन रकान्यांची नोंद: काम सुरू करण्यापूर्वीचा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ. माझ्या वहीतील एक ओळ अशी आहे: ‘प्रयोगाचे निष्कर्ष लिहिणे, अंदाज ४० मिनिटे, प्रत्यक्ष ९५ मिनिटे, आलेख दोनदा काढला.’ शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण अंदाज बांधताना आलेख चुकेल हे कोणीच धरत नाही. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. सगळे जितके बिघडू शकते तितके बिघडले तर किती दिवस लागतील, असे विचारल्यावरही सरासरी उत्तर सुमारे ४९ दिवस इतकेच आले होते. याचे कारण, कानमन आणि त्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच दाखवल्याप्रमाणे, आपण समोरच्या कामाची गोष्ट मनात रंगवतो आणि तशाच जुन्या कामांना किती वेळ लागला होता हे विचारात घेत नाही. त्यामुळे अंदाज लिहिण्याआधी वही चाळून तशाच कामाची मागची नोंद पाहावी आणि तोच आकडा उतरवावा, मग या वेळी काम लवकर होईल असे कितीही वाटत असले तरी.

कोणताही एक सल्ला एकाच विषयाच्या अभ्यासात दोन आठवडे वापरावा आणि तोवर या प्रकारचे नवे पुस्तक उघडू नये. दुसऱ्या आठवड्यात नवे पुस्तक फार खुणावते. बहुधा अवघड प्रकरण तेव्हाच समोर आलेले असते.

नोंद ठेवण्यातही वेळ जातो, हे विसरू नये. एखाद्या प्रकारच्या कामात अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील अंतर सलग काही वेळा किरकोळ राहिले की त्या कामाची नोंद बंद करावी. उताऱ्याचा सारांश लिहायला मला किती वेळ लागतो हे आता मला ठाऊक आहे, म्हणून तो रकाना मी सोडला. सिद्धतांचा मात्र चालू ठेवला आहे, कारण तिथे लागणारा वेळ अजूनही अंदाजाच्या दुप्पट निघतो.